गप्प बसणारी भाषा

टेबलावरची खेळण्याएवढी लिफ्ट पाचव्या मजल्यावर थांबली. दार उघडलं, मिटलं आणि तिथेच पुन्हा उघडलं. सुनेने कपाळावर हात मारला. पुढे सातवा आणि नववा मजला ताटकळत होता, पण लिफ्ट पाचवा सोडायला तयार नव्हती. चार वाजता कंपनीचे साहेब व्हिडिओवर बघणार होते. लिफ्ट वर जात असताना कुणी तिसऱ्याचं बटण दाबलं, तर तो मजला रांगेत मधे घुसवायचा, एवढंच तिला दाखवायचं होतं. जमलं तर नोकरी पक्की, नाही तर नारळ.

तिच्या आधीच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत हे काम एका शब्दाचं होतं. नवा आकडा आला की बाकीचे आपणहून सरकून जागा द्यायचे. या सी भाषेतला अ‍ॅरे म्हणजे नुसती घरांची रांग. तिथे कुणी तसूभर हलत नाही. प्रत्येक आकडा आपणच पुढच्या घरात ढकलायचा. वर चूक झाली तरी ही बया हूं की चूं करत नाही. सात आणि नऊ गिळून ढिम्म बसली होती.

समोर सासूबाई इस्त्री करत होत्या. कारखान्यातल्या यंत्रांसाठी याच भाषेत प्रोग्रॅम लिहिण्यात त्यांची हयात गेली होती. काल दिवसभर त्यांनी 'कंस तिथे नको, हे काय नाव झालं' असा धोशा लावला, तेव्हा सुनेचा तोल गेला. "आई, हात जोडते, उद्या माझ्या कामात एक अक्षर बोलू नका!" त्यांनी शब्द पाळला होता. शर्टाच्या कॉलरवर पाणी मारत त्या फक्त स्क्रीनकडे बघत होत्या.

तीन वाजून गेले. लिफ्ट पुन्हा पाचव्यावर अडली.

"तुम्हाला दिसतंय ना, कुठे चुकतंय ते?"

सासूबाईंनी इस्त्री उभी केली. "सकाळपासून."

"मग बोलला का नाहीत?"

"तूच तोंड बंद ठेवायला सांगितलंस. मला काय हौस आहे बोलणी खायची?"

सुनेला रागही आला आणि रडूही. कुणीतरी गप्प बसावं म्हणून काल ती तडफडत होती. आता भाषाही गप्प, सासूही गप्प, आणि नोकरी डोळ्यांदेखत चालली होती.

"बोला हो आई. काय वाटेल ते बोला."

"बाकावर मधे कुणाला बसवायचं, तर आधी कोण सरकतं?"

"टोकाचा," सून म्हणाली आणि थबकली. ती दिवसभर पहिल्या आकड्यापासून ढकलत होती. पाच सरकला तो सातच्या घरात. सात पुसला गेला, मग तोच पाच नऊच्या घरात. तिने ओळ बदलली आणि सरकवणं शेवटापासून सुरू केलं. लिफ्ट तिसऱ्यावर थांबली, मग पाचव्यावर, सातव्यावर, नवव्यावर.

"आणि टोकाला रिकामं घर आहे की नाही, ते कोण बघणार?" सासूबाईंनी विचारलं. मग जीभ चावून त्यांनी इस्त्री उचलली.

सुनेने ती त्यांच्या हातातून काढून घेतली आणि शेजारची खुर्ची ओढली.

"बसा. कंसांचं काय म्हणत होतात काल?"