एका लिटरात दोन पाकिटं

बाळांच्या वॉर्डात माझी सलग दुसरी पाळी चालू होती. बदलीची सिस्टर आलीच नव्हती. बाळं मात्र वेळेवर येत होती. पाय इतके सुजले होते, की बुटांच्या नाड्या एकदा सोडल्या त्या पुन्हा बांधल्याच नाहीत. त्यात चोवीस दिवसांचं एक बाळ जुलाब घेऊन आलं. आई अजून बाळंतपणातून सावरलेली नव्हती, भिंतीला टेकून अंगावर पाजत होती. बाप गवंडी. नखांत सिमेंट, कानावर पेन्सिल.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, अंगावरचं दूध चालू ठेवा आणि मधेमधे क्षारांचं पाणी द्या. मी बापाच्या हातात दोन पाकिटं ठेवली. "एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक पाकीट. हात धुऊन, चमच्या-चमच्यानं. दुसरं उद्यासाठी." अकरा वर्षं हेच म्हणतेय. झोपेतून उठवलं तरी म्हणेन. त्या सकाळी तर जवळजवळ झोपेतच म्हटलं.

दुपारच्या फेरीला बघते तर बाळ सारखं किरकिरत होतं. चमचा ओठाला लागला की अधाशासारखं ओढायचं आणि परत रडायचं. हात दचकल्यासारखे उडत होते. तोंड कोरडं, सकाळपासून लघवी नाही. एवढं पाणी पोटात जाऊन तहान भागत कशी नाही? मी बाटलीतलं पाणी जिभेवर घेतलं. हे पाणी डोळ्यांतल्या पाण्याहून खारट असू नये, असं आम्हाला शिकवतात. हे तर जिभेला झोंबलं.

"किती पाकिटं टाकलीत?"

"दोन्ही."

"एवढ्याच पाण्यात?"

"एकानं जुलाब थांबेनात, सिस्टर. पाझर थांबला नाही तर आम्ही सिमेंटचा माल घट्ट करतो."

माझा पारा चढला. "अहो, ही काय गच्ची आहे का? एवढ्या मिठानं जीव जाईल त्याचा!"

आईनं बाळाला छातीशी आवळलं. गवंड्याच्या तोंडचं पाणीच पळालं. "मी चांगलंच करायला गेलो," एवढंच तो म्हणाला.

डॉक्टर धावत आले. रक्त घेतलं, सलाईन लावलं, तेही अगदी हळू; घाई केली तर मेंदूला सूज येते. "लघवी होतेय का बघत राहा," ते मला म्हणाले. "तोवर माझा जीव भांड्यात पडायचा नाही."

मी स्टुलावर बसले. राग उतरत गेला तसं खरं काय ते टोचायला लागलं. हे पाणी जुलाब थांबवत नाही, अंगातून गेलेलं तेवढं भरून काढतं, हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. मीच सांगितलं नाही तर त्याला कळणार कुठून? अकरा वर्षांत अशा किती जणांना सांगायचं राहिलं असेल, देव जाणे. माझीच मला लाज वाटली.

उठून त्याच्याकडे गेले. "चूक तुमची एकट्याची नाही," म्हटलं आणि सगळं नीट समजावलं. त्यानं मान खाली घालून ऐकलं.

"वाचेल ना?"

मी सलाईनचे थेंब मोजायला लागले.

संध्याकाळी पाळी संपली. अंगात त्राण नव्हतं, पण घरी जायला पाय निघेना. बाळ बापाच्या मांडीवर निजलं होतं, हात उडायचे थांबले होते. आईचा नुकताच डोळा लागला होता. एकाएकी गवंडी ताठ झाला. त्याच्या पँटवर ओला डाग पसरत होता.

"सिस्टर," जागचा न हलता तो हळूच म्हणाला, "गळती लागली."

मी वाकून बघितलं. जुलाब नव्हते. लघवी होती, चांगली भरपूर.

"ही थांबवायची नाही ना?"

"ही नाही," मी म्हणाले, आणि त्याच्याच बाकावर बसून हमसून हमसून रडले.