नोंद नसलेलं केळफूल

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गायत्रीने कॉम्प्युटर चालू केला, तर पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ आली: लॉक सापडत नाही. तिने मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. पुन्हा तेच. मागे वाकून पाहिलं तर लॉक आपल्या जागी खोचलेलं होतं, पण त्याच्या फटीतून पिवळसर पाण्याचा ओघळ टेबलावर उतरला होता.

काय झालं ते लगेच तिच्या ध्यानात आलं.

लॉक म्हणजे काडेपेटीएवढा प्लास्टिकचा तुकडा. साड्यांची डिझाइनं काढायचा प्रोग्राम विकणारी कंपनी तो सोबत देते. तो मशीनच्या मागे लावलेला असला तरच प्रोग्राम उघडतो, आणि प्रोग्राम उघडला तरच त्यात काढलेली डिझाइनं दिसतात. म्हणजे गायत्रीने दोन वर्षं डोळे फोडून काढलेलं सगळं काम त्या एवढ्याशा तुकड्यापलीकडे होतं.

आता सुरतेतल्या उधन्यात दसऱ्याला प्रत्येक घर आपापलं हत्यार पुजतं. कोणी मागाचा धोटा पुजतो, कोणी कात्री, कोणी रिक्षा. गायत्रीच्या सासूबाई मंगलाबाई धरणगावहून सुरतेला आल्या त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली, पण त्यांच्या हातून एकही दसरा कोरडा गेला नव्हता. काल त्यांनी कॉम्प्युटरकडे बोट दाखवून विचारलं, ह्या खोक्यात मुख्य काय? कुंदनने, म्हणजे गायत्रीच्या नवऱ्याने, मोठ्या दिमाखात लॉक उपसून आईच्या हातावर ठेवलं. मग काय विचारता! मंगलाबाईंनी त्याला तांब्याच्या ताम्हनात बसवलं, दुधाने न्हाऊ घातलं, पाण्याने धुतलं, हळदकुंकू वाहिलं आणि वर झेंडूचं फूल ठेवलं. कुंदनने सगळं झाल्यावर ते धोतराच्या सोग्याने पुसून होतं तिथे लावलं. त्या वेळी कोणाच्याही डोक्यात काही आलं नाही. गायत्रीच्याही नाही, आणि तिने तर रिंग रोडला कॉम्प्युटरचा क्लास केला होता.

"गायनं दूध व्हतं वं पोरी, पाकिटनं नही," मंगलाबाई पुन्हा पुन्हा सांगत होत्या. जसं काही दूध चांगलं असतं तर लॉकला पचलं असतं!

रडायला वेळ नव्हता. हसमुखभाई जॅकार्डवाले त्यांचे आठ माग रिकामे ठेवून बसले होते. गायत्रीचं केळफुलाच्या काठाचं डिझाइन त्यांना मनापासून आवडलं होतं. ते फ्लॉपीवरून पत्ते, म्हणजे मागाचे पुठ्ठे, पंच करणाऱ्याकडे जायचं, भोकांचे ते पुठ्ठे मागावर चढायचे आणि दिवाळीआधी साडी बाजारात यायची. "सांज सुधीमां जोईए, बेन," ते म्हणाले होते. संध्याकाळपर्यंत आलं तर पुढचं सगळं काम गायत्रीला, नाही आलं तर मागांवर दुसऱ्याचं डिझाइन. चाळीतल्या एका खोलीतला हा धंदा आठ मागांवर उभा राहणार होता. नाहीतर तिला परत दुसऱ्याच्या दुकानात कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून डिझाइनं काढावी लागणार होती, आणि तिथे काढलेलं फूल मालकाचं होतं.

तिने कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून कंपनीच्या सुरतेतल्या ऑफिसात फोन लावला आणि जे झालं ते खरं सांगितलं. पलीकडच्या माणसाने लॉकचा नंबर विचारला, मग म्हणाला, हे तर रिंग रोडच्या अमक्या डिझाइन सेंटरच्या नावावर आहे. गायत्री म्हणाली, बरोबर, ते बंद पडलं तेव्हा आम्ही मशीन, प्रोग्राम, लॉक सगळं रीतसर विकत घेतलं.

"प्रोग्राम विकत घेता येत नाही," तो म्हणाला. "फक्त वापरायची परवानगी मिळते, आणि ती त्यांना होती."

"मग त्यांनी आम्हाला विकलं ते काय?"

"ते त्यांना विचारा."

ज्यांना विचारायचं ते आफ्रिकेत जाऊन बसले होते. त्या माणसाने नवा प्रोग्राम घ्या म्हणून किंमत सांगितली, ती ऐकून गायत्रीला हसूच आलं. शेवटी त्याने पत्ता विचारला, आणि ह्या बाईने तो दिला. मदतीला कोणीतरी येईल, असं तिला वाटलं. इतकी साधी बाई उधन्यात दुसरी मिळाली नसती.

घरी येते तो तिचा चुलत दीर योगराज येऊन बसला होता. कुंदनने त्याला बोलावून घेतलं होतं. योगराज मार्केटात कॉम्प्युटर जोडून द्यायचा, आणि तिथल्या पोरांच्या खिशात काय काय फिरायचं ते त्याला माहीत होतं. त्याने खिशातून एक फ्लॉपी काढली. ही टाकली की प्रोग्राम लॉकबद्दल विचारतच नाही, म्हणाला.

गायत्रीचा हात पुढे होईना. मागच्या वर्षी तिने काढलेला कपाशीच्या बोंडाचा बुट्टा तिला मार्केटातल्या एका दुकानात भलत्याच कोणाच्या साडीवर दिसला होता. कोणी कॉपी केला, कधी केला, काही पत्ता लागला नाही. चार दिवस तिला अन्न गोड लागलं नव्हतं. आणि आता तिने स्वतःच हे करायचं?

"वहिनी, घर आपलं शे, कुलूप आपलं शे," योगराज म्हणाला. "किल्ली विहीरमा पडनी तर माणूस कडी तोडस. त्याले कोनी चोर म्हनस का?"

हे तिला पटलं. प्रोग्राम चोरून आणला नव्हता, लॉक चोरून आणलं नव्हतं. तिने मान हलवली. योगराजने फ्लॉपी सारली, चारदोन बटणं दाबली, आणि प्रोग्राम उघडला. केळफूल पडद्यावर आलं, जांभळं, एकेक पाकळी मागे वळलेली. गायत्रीला इतकं बरं वाटलं की तिने पडद्याला हातच लावला. आता पंच करणाऱ्यासाठी फ्लॉपी बनवायची आणि कुंदनला सायकलवर पिटाळायचं, एवढंच काम राहिलं होतं.

तेवढ्यात दाराशी जीप थांबली.

एक चष्मेवाले साहेब उतरले, मागून एक हवालदार. चाळीतली पोरंबाळं जीपभोवती गोळा झाली, शेजारणी उंबऱ्यांवर आल्या. साहेब चपला बाहेर काढून आत आले. कंपनीतून आलो, म्हणाले, आणि ते मराठीतच म्हणाले. पुण्याकडचे होते. गायत्रीला क्षणभर धीर आला की चला, आपला माणूस आहे.

साहेबांनी आधी मशीनच्या मागचं लॉक काढून पाहिलं, त्यातून गळून हाताला लागलेली हळद पुसली. मग पडदा पाहिला. लॉक हातात आणि प्रोग्राम चालू! त्यांनी फ्लॉपी बाहेर काढली.

"ताई, आता कायदा कडक झालाय," ते हळू आवाजात म्हणाले. "हे असं वापरणं गुन्हा आहे. ह्याला तुरुंग आहे."

मंगलाबाई हात जोडून पुढे आल्या. "साहेब, मन्हा हातनं झायं ते. लई जानं व्हई तर माले लई जा."

साहेब ओशाळले. माणूस दुष्ट नव्हता, हे कबूल करायला हवं. दुष्ट असता तर गायत्रीला सोपं गेलं असतं. त्यांनी हवालदाराला खूण केली. त्याने टेबलावरची कोऱ्या फ्लॉप्यांची पेटी उचलली, योगराजचे खिसे चाचपले, होत्या नव्हत्या तेवढ्या फ्लॉप्या पिशवीत भरल्या. योगराज भिंतीला टेकून उभा राहिला. 

मग साहेब खुर्चीवर बसले आणि एकेक डिझाइन उघडून पाहायला लागले. केळफूल, कपाशीचं बोंड, भरताच्या वांग्यांची वेलबुट्टी, बहाव्याचे घोस. ते पाहता पाहता त्यांचा चेहरा बदलत गेला.

"ही सगळी तुम्ही काढलीत?"

"हो."

"मग ऐका. तक्रार लिहायची मला काही हौस नाही. आमच्या नव्या प्रोग्रामसोबत आम्ही गिऱ्हाइकांना तयार डिझाइनं देतो. ही आम्हाला द्या. कागद गाडीत आहे, सही करा. नवं लॉक तुमच्या नावाने मी आत्ता देतो. तुमची डिझाइनं तुमच्याकडे राहतीलच, आम्ही फक्त कॉपी घेणार."

कुंदनने सुटल्यासारखा श्वास सोडला. गायत्रीने मात्र विचारलं,

"साहेब, तुमच्या वस्तूची कॉपी केली म्हणून तुम्ही हवालदार घेऊन आलात ना?"

"त्यात फरक आहे. आमचा प्रोग्राम कायद्यात बसतो. तुमची डिझाइनं कलकत्त्याच्या नोंदणी कचेरीत नोंदवलीत का?"

तिने कलकत्ता फक्त नकाशात पाहिलं होतं.

"नाही ना? नोंद नसलेल्या डिझाइनच्या पन्नासच्या वर साड्या विणल्या गेल्या की त्यावर कोणाचाच हक्क राहत नाही, असा कायदा आहे. उद्या कोणीही उचलेल. आम्ही निदान विचारतोय."

हे त्यांनी चांगल्या मनानेच सांगितलं, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. गायत्रीला डोळ्यांसमोर दिसलं की सुरतेतल्या प्रत्येक खोलीत, प्रत्येक मशीनमध्ये तिचं केळफूल फुकट पडलंय आणि हसमुखभाई तिला विचारतायत, बेन, हे तर सगळ्यांकडे आहे, तुमच्याकडून कशाला घेऊ?

"हे एक डिझाइन तेवढं आज जाऊ द्या," ती म्हणाली. "बाकीचं मग बोलू."

"सहीशिवाय इथून काही हलणार नाही. नाहीतर मशीन सील करून न्यावं लागेल, आणि आतलं सगळं पुरावा म्हणून आमच्याकडे राहील. घरात बोलून घ्या." ते बाहेर ओट्यावर जाऊन हवालदाराजवळ उभे राहिले. शेजारच्या प्रमिलाबाईंनी, नको तिथे माणुसकी दाखवायची सवयच त्यांना, दोघांना चहा दिला.

"सही करी टाक," कुंदन म्हणाला. "मशीन गयं तर खाऊत काय?"

मंगलाबाई डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या. योगराज कुजबुजला की वहिनी, कुंदनदादा बरोबर बोलतोय, साहेब पाघळलाय तोवर सही करून टाका. सगळ्यांचं म्हणणं बरोबर होतं. गायत्रीलाही ते कळत होतं, आणि तिला भीतीही खूप वाटत होती. 

ती खुर्चीवर बसली. मशीनमध्ये दोन कप्पे होते. एकात कंपनीचा प्रोग्राम, दुसऱ्यात तिची डिझाइनं. तिने प्रोग्राम बंद केला आणि काळ्या पडद्यावर दुसऱ्या कप्प्याचं नाव टाइप करून फॉरमॅट लिहिलं. मशीनने विचारलं, सगळं जाईल, नक्की ना?

योगराजला इंग्रजी वाचता येत होतं. "वहिनी!" तो ओरडलाच.

"मन्हं शे ते," गायत्री म्हणाली आणि बटण दाबलं.

पडद्यावर आकडा चढायला लागला. कुंदनला आधी समजेना. योगराजने सांगितलं तेव्हा त्याने पुढे होऊन वायर धरली, पण ओढली नाही. ओढून आता काय राहणार होतं? त्याने वायर सोडली आणि खालीच बसला. आकडा फार सावकाश चढत होता. बाहेर कपबशीचा आवाज झाला, साहेबांच्या पायांचा आवाज आला, आणि ते आत आले तेव्हा आकडा शंभरावर पोचला होता.

"काय ठरलं?" असं विचारता विचारता त्यांची नजर पडद्यावर गेली. ते खुर्चीमागे थबकले. "ताई, हे काय केलंत?"

"तुमचा प्रोग्राम त्याच्या जागी आहे, त्याला हात लावला नाही. मोजून घ्या. माझं मी काढून घेतलं."

"तुम्हाला कळतंय का? पुरावा..."

"पुरावा तुमच्या प्रोग्रामचा ना? तो आहे की."

 साहेबांना राग आला होता की वाईट वाटलं होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. बहुधा दोन्ही. हवालदाराने मशीनवर लाखेचं सील ठोकलं, दोघांनी मिळून ते जीपमध्ये चढवलं. तक्रार लिहिणार की नाही, ते साहेब बोलले नाहीत. जाताना एवढंच म्हणाले, "मी तुमच्या जागी असतो तर हे केलं नसतं." गायत्री म्हणाली, "तुम्ही माझ्या जागी नव्हतात."

संध्याकाळी हसमुखभाई स्कूटरवरून आले. टेबलाची मोकळी जागा त्यांनी पाहिली, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, माग रिकामे ठेवता येणार नाहीत, दुसऱ्याचं डिझाइन आजच चढवतो. "पण केळफूल फरी काढो तो पेहलां मने देखाडजो," परत काढलं तर आधी त्यांना दाखवायचं, असं सांगून त्यांनी स्कूटरला किक मारली. भला माणूस होता, पण माग त्याचे होते.

कुंदन जेवलाही नाही. मंगलाबाईंनी मात्र सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "मन्हामुळेच झायं ना वं हाई सगळं?" तेव्हा गायत्रीला पहिल्यांदा रडू फुटलं. ती दिवसभराचं रडली.

मग तिने तोंड धुतलं, वाण्याकडून चौकटीचे कागद आणले आणि दाराशी दिव्याच्या उजेडात बसून केळफूल काढायला घेतलं. देठ आला, डावीकडच्या पाकळ्या सरसर आल्या, हात कुठेही अडला नाही. मग ती उजवीकडे वळली आणि पेन्सिल थांबली. उजवी बाजू तिने कधी काढलीच नव्हती. डावी काढून झाली की एक बटण दाबायचं, तिची उजवी मशीन करून द्यायचं. दोन वर्षं फूल आपलंच समजत आली होती, पण तिच्या हाताला ते अर्धंच येत होतं.

 मग तिने पेन्सिलीला टोक केलं आणि डावीकडचा एकेक चौकोन मोजून उजवीकडे उतरवायला लागली.