ओहोटीचं निमित्त

“‘होडीला आमच्या तळाशी चीर’ बरं, की ‘भोक’?” विश्रामबाबांनी ओटीवरून आत विचारलं.

“भोक लय मोठं व्हईल,” चारुता आतून म्हणाली. मग साडीच्या निऱ्या हातात धरूनच ती बाहेर आली आणि त्यांच्या समोर उकिडवी बसली. “आजा, तू काय पण म्हण. फक्त नाय म्हण.”

“तेच म्हणतो ना.”

“त्यांना समजंल असं म्हण.”

विश्रामबाबांनी मान हलवली. पण ती आत गेल्यावर त्यांना पुन्हा शंका आली. ‘चीर’ आणि ‘धीर’ हे यमक फारच सरळ तर नाही? सालेह असता तर त्याने नाक मुरडलं असतं.

सालेह हा इंडोनेशियातल्या रिआऊ बेटांवरचा खलाशी. विश्राम तांडेल आपलं एडवण गाव सोडून मालवाहू जहाजांवर नोकरीला होते, तेव्हाचा हा सोबती. रंग खरवडायचं काम दोघांना एकत्र असे आणि काम करता करता सालेह चार-चार ओळींची कवनं म्हणे. अशा कवनाला तो पांतुन म्हणायचा. पहिल्या दोन ओळींत नुसतं दिसतं ते सांगायचं, झाड, पाणी, पक्षी. खरं बोलणं पुढच्या दोन ओळींत. त्याच्या बेटावर मुलगी मागायला गेलेल्या माणसांना ही कवनं म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नसत. मागणी कवनात, होकार कवनात आणि नकारही कवनातच. नकार द्यायचा तर मुलीकडच्यांनी स्वतःला खाली घ्यायचं, आमचं घर लहान, आमची पोर अडाणी. पाहुण्यांनी ओळखायचं आणि मान राखून परतायचं. सालेह सांगे, आमच्याकडे ‘नाही’ ऐकून कोणी वैरी होत नाही.

विश्रामबाबांना हे फार भावलं होतं. ते स्वतः असे की वाण्याने जुनं पीठ दिलं तरी परत करायची त्यांना लाज वाटे. गावी कायमचे परतल्यावर त्यांनी आपल्या बोलीत तशी कवनं जुळवायला सुरुवात केली. लोक आधी हसले. मग एका घरच्या मागणीला गंमत म्हणून त्यांना नेलं, मग दुसऱ्या घरच्या. गावाने पांतुनचं ‘पांतू’ केलं आणि त्यांना पांतूबाबा म्हणू लागलं. पुढे बोलावणं नकारापुरतंच उरलं आणि त्याची एक रीतही पडून गेली. पाहुणे कवन ऐकत, चहा पीत आणि समुद्र कुठेही असला तरी म्हणत, “ओहोटी लागली, निघतो.” यजमान म्हणत, “भरतीला या.” की संपलं. दुसऱ्या दिवशी तीच माणसं बंदरावर एकमेकांची जाळी ओढू लागत.

त्या रीतीतली बहुतेक माणसं आता गेली होती. विश्रामबाबांनी पालघरच्या ग्रंथालयात पांतुनबद्दल काही मिळतं का, म्हणून पुष्कळ हेलपाटे घातले होते. मिळालं ते थोडं आणि इंग्रजीत. ते वाचून आपण शिकलो ते कितपत बरोबर, हा घोर वाढलाच.

आज चारुताला मागणी घातलेल्या मेहुलच्या घरचे शिरगावहून येणार होते. मुलगी पाहून झाली होती, आज कुंकू लावून नारळ द्यायचा, अशी त्यांची समजूत. चारुता बोईसरला औषधांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होती. तिथेच स्टेशनजवळच्या हॉटेलात मेहुलने तिला एकदा भेटायला बोलावलं. हसत हसत तिचा मोबाइल मागून घेतला, नावं वरखाली केली आणि तिच्याबरोबर काम करणाऱ्या दोन मुलग्यांचे नंबर तिच्यादेखत पुसून टाकले. मोबाइल परत देताना म्हणाला, “तसं पण लग्नानंतर शिफ्टबिफ्ट नाय.” मग तिच्यासाठी आइस्क्रीम मागवलं. चारुताने घरी येऊन आईला, दीपाला, सगळं सांगितलं आणि वर म्हणाली की, आइस्क्रीम मी खाल्लं, आई, तेच मला सहन होत नाय.

दीपाने ते नवऱ्याच्या कानावर घातलं. भगवंत दोन दिवस पहाटेच होडीवर निघून गेला. त्याच्या होडीची सगळी मासळी मेहुलचा काका उचलत असे. त्याला तोंडावर नाही म्हणायचं कसं? अखेर त्यालाच बापाची आठवण झाली.

“बा, तू तुझ्या रीतीनं सांग,” तो म्हणाला. “तुझ्या नकाराचा कोणाला राग येत नाय.”

इतक्या वर्षांत भगवंतने बापाकडे प्रथमच काही मागितलं होतं. विश्रामबाबांना ते आवडलं. आवडल्याची त्यांना शरमही वाटली.

पाहुणे आले. विश्रामबाबा रीतीप्रमाणे दारात उभे राहिले. काका पुढे, मागे मेहुल, बायका, एक लहान मुलगी. मेहुलच्या बहिणीने मोबाइल वर धरला. विश्रामबाबांनी घसा साफ केला.

“भरतीचं पाणी खाडीत शिरलं,
होडीला आमच्या तळाशी चीर;
तुमचं घर, पाव्हणं, उंचावर ठरलं,
पोरीला आमच्या चढाया नाय धीर.”

स्वयंपाकघराच्या दारात चारुता उभी होती. तिचा चेहरा सैल झाला, हे त्यांना दिसलं. आता काकाने चहा मागायचा आणि ओहोटीचं निमित्त काढायचं.

काकाने टाळी वाजवली. “वा, बाबा! काय बोललात!” मग तो आपल्या माणसांकडे वळला. “बघा, याला म्हणतात पोरीकडची माणसं. केवढी नम्रता. आजकाल कोण एवढं वाकतं?” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. “आणि चढायचं काय घेऊन बसलात? आमी लिफ्ट लावू.”

मोठा हशा झाला. मेहुलही हसला. त्याच्या बहिणीने पुन्हा एकदा म्हणा, नीट आलं नाही, असा आग्रह केला.

विश्रामबाबांनी भगवंतकडे पाहिलं. भगवंत कपबश्या मोजल्यासारखं करत होता. स्वतःला खाली घेतलं की नकार, हे सालेहच्या बेटावर. इथे मुलीकडच्यांनी खाली वाकायचं असतंच, होकार देतानाही. ही साधी गोष्ट एवढी वर्षं त्यांच्या लक्षात कशी आली नव्हती? गावाला त्यांचं कवन कळत होतं, की लोक नुसते पांतूबाबांना बोलावलं यावरून नकार ओळखत होते?

अजून वेळ होता. एका शब्दाचं काम होतं. चारुता त्यांच्याकडे पाहत होती, तिचे ओठ तोच शब्द करत होते. विश्रामबाबांनी तोंड उघडलं. तो शब्द त्यांनी आयुष्यात यमकाशिवाय कधी उच्चारला नव्हता. तेवढ्यात काका म्हणाला, “चला, कुंकू आणा,” आणि दीपाच्या हातून निरांजनाचं ताट कोणीतरी घेतलंही.

संध्याकाळी चारुता ओटीवर आली. कपाळावरचं कुंकू नाकावर सांडलं होतं, ते तिने पुसलं नव्हतं.

“कवन छान झालं, आजा,” ती म्हणाली. “मला एकटीला समजलं.”

“मी उद्या शिरगावला जाऊन सांगतो. सरळच सांगतो.”

“तू?” ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण त्या एका अक्षरापुढे त्यांना वर बघता आलं नाही.

ते शिरगावला गेले नाहीत. सकाळी कपडे करून एसटीच्या थांब्यापर्यंत गेले, दोन गाड्या सोडल्या आणि परत आले. भगवंतने कुठे गेला होतास, हे विचारलं नाही.

लग्न एडवणलाच झालं, घरापुढे मांडव घालून. चारुताने नोकरी आधीच सोडली होती. कवनाचा तो व्हिडिओ सगळीकडे फिरला होता आणि माइकवाल्याने मंगलाष्टकांनंतर पांतूबाबांचा पुकारा केला. तेच म्हणा, उंचावरचं घर, लोक ओरडले. विश्रामबाबा नको म्हणणार होते. पण दोघांनी दंड धरून त्यांना उभं केलं आणि माइक तोंडाशी आला. त्यांनी ते कवन म्हटलं, चारही ओळी, न चुकता. काकाने शेवटच्या ओळीला शिट्टी वाजवली.

निघायच्या वेळी चारुता आईच्या गळ्यात पडून रडली, बापाच्या पाया पडली. मग विश्रामबाबांपाशी आली. त्यांच्याही पाया पडली आणि उठताना त्यांना ऐकू जाईल एवढंच म्हणाली, “ओहोटी लागली, आजा. निघते.”

याला काय उत्तर द्यायचं, ते एडवणमध्ये त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. पण ‘भरतीला या’ हे परत जाणाऱ्या पाहुण्यांना द्यायचं उत्तर होतं. ती गाडीत बसली. मेहुलने तिच्या बाजूची काच वर केली.

रस्त्याच्या पलीकडे भरतीचं पाणी बंदराच्या पायऱ्यांवर चढलं होतं, आणि होड्या दोरांना ओढ देत उभ्या होत्या.