ब्रेकबाईची वाक्यं

तिचा घसा बसला आणि तिथून सगळं सुरू झालं. गाडी चालवायला शिकवणाऱ्या बाईचा घसा बसणं म्हणजे सुताराचा हात मोडण्यासारखंच. दिवसभर 'क्लच दाबा, आरसा बघा, अहो समोर बघा' असं ओरडून आवाज पार चिरका झाला होता. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. तिचा पाय त्यावर इतका तत्पर, की शिकणारे तिला पाठीमागे ब्रेकबाई म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

डॉक्टर म्हणाले, "औषधाने घसा सुटेल, सवय नाही सुटायची. आवाज नीट लावायला शिका."

जवळपास ते शिकवणारी एकच जागा होती, दवाखान्यामागच्या हॉलमधला नाटकाचा वर्ग. शिक्षिका तिच्या लेकीच्या वयाची.

"मला नाटकबिटक नको, फक्त घसा दुरुस्त करून हवाय," ब्रेकबाईने आल्याआल्या सांगून टाकलं.

"इथे सुटे भाग मिळत नाहीत," शिक्षिका हसली. "अख्खं माणूस यावं लागतं."

काही आठवडे श्वासाचे व्यायाम झाले, आवाज मोकळा झाला. मग नाटकातला एक छोटा प्रवेश करून दाखवायची वेळ आली. तिच्या जोडीला एक शिंपी होता, मापं घेतल्यासारखा एकेक शब्द बोलणारा. प्रसंग साधा होता. नवऱ्याची नोकरी गेलीय, तो घरी येऊन बायकोला सांगतो.

शिंपी आत आला. खुर्चीवर बसला. बूट काढायला वाकला आणि तसाच राहिला.

"नोकरी गेली ना?" ब्रेकबाई म्हणाली.

अख्खा वर्ग हसला.

"अजून त्यांनी सांगितलंच नाही," शिक्षिका म्हणाली.

"चेहऱ्यावर दिसतंय की!"

पुन्हा केलं. या वेळी शिंप्याने "आज ऑफिसात..." एवढं म्हणताच ती म्हणाली, "काळजी करू नका, मी बघते सगळं." तिसऱ्यांदा तर तिने त्याला हाताला धरून खुर्चीवर बसवलं. शिंपी बिचारा हसत म्हणाला, "ताई, मला माझं दुःख तरी सांगू द्या!"

शिक्षिकेने शांतपणे तिच्या हातातला संवादांचा कागद काढून घेतला. "पुढच्या वेळी तुम्हाला एकही वाक्य नाही. फक्त ऐकायचं."

ती घरी आली ती धुसफुसतच. कालची पोर आणि मला गप्प बसवते! नाव काढून टाकावं असं तिच्या मनात दहादा आलं. पण हाती घेतलेलं अर्धवट सोडणं तिच्या रक्तात नव्हतं. जमत नाही म्हणजे काय? जमवायचंच.

दुसऱ्या दिवशी एक भित्री परिचारिका गाडी मागे घेऊन दोन गाड्यांच्या मध्ये लावत होती. ब्रेकबाईने ओठ घट्ट मिटले आणि पाय ब्रेकपासून मागे ओढून घेतला. गाडी वाकडी गेली, थांबली, पुढे आली, पुन्हा मागे गेली. तेवढ्या वेळात ब्रेकबाईला घाम फुटला. कुठे काही आपटणार नव्हतं, हे तिला दिसत होतं. तरीही छाती धडधडत होती. गाडी अखेर जागेवर बसली तेव्हा परिचारिका आनंदाने ओरडली, आणि ब्रेकबाईला मात्र एक गोष्ट लख्ख कळली. आपण समोरच्याला मदत म्हणून बोलत नाही. भीती वाटते म्हणून बोलतो. बोलण्यात मध्ये जागा राहिली, तर आपल्याला दुरुस्त करता येणार नाही असं काहीतरी ऐकावं लागेल, ही ती भीती.

पुढच्या वर्गात ती बसून राहिली. शिंपी बुटांशी वाकला. ती थांबली. तो खूप वेळाने म्हणाला, "मला काढलं." मग कागदावर नसलेलं एक वाक्य त्याच्या तोंडून आलं, "तुला सांगायचीच जास्त भीती वाटत होती." तिचे डोळे भरून आले. कोणी हसलं नाही.

त्या संध्याकाळी नवरा स्वयंपाकघरात तिच्यासमोर बसला होता. तो छापखान्यात मशिनवर होता, मुळातच अबोल. "मी म्हणत होतो..." त्याने सुरुवात केली. एरवी तिने त्याच्यापुढे चहाचा कप ठेवून विषय संपवला असता. तिने हात मांडीवर ठेवले आणि त्याच्याकडे बघत राहिली.

तो गोंधळला. मग म्हणाला, "मला ऐकू कमी येतंय. वर्ष झालं असेल."

"अहो! मग मी बोलते तेव्हा मान डोलावता ती?"

"तुझ्या तोंडाकडे बघून अंदाज करतो," तो ओशाळून म्हणाला. "बहुतेक वेळा 'हो' चालून जातं."

तिला हसू आलं आणि रडूही. वर्षभर ती बोलत होती आणि तो अंदाजाने हो म्हणत होता. 'मी बघते सगळं' हे वाक्य तिच्या अगदी ओठांवर आलं. तिने ते गिळलं आणि सावकाश, त्याच्याकडे तोंड करून विचारलं, "काय करायचं म्हणता?"

"डॉक्टरकडे जायचं. पण आत मी बोलणार."

आत तोच बोलला. अडखळत, वेळ लावत, पण सगळं सांगितलं. ती बाकावर पर्स घट्ट धरून बसली होती. कानाला यंत्र लागलं तेव्हा त्याचा पहिला प्रश्न होता, "तू एवढ्या जोरात बोलतेस?"

वर्गाने घरच्यांसाठी प्रवेश सादर केले तेव्हा तो पहिल्या रांगेत होता. ब्रेकबाईला शिक्षिकेने तिची वाक्यं परत दिली होती. त्यातली निम्मी तिने स्वतःच खोडली. हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू आली असती अशा शांततेत शिंप्याने आपली नोकरी गमावली, आणि टाळ्या बराच वेळ वाजल्या.

बाहेर पडताना नवरा म्हणाला, "छान केलंस. फक्त तो उठतो तिथे तू जरा घाई केलीस."

"घाई? अहो, तिथे तर..."

त्याने हात वर केला. "माझं अजून संपलं नाही."

ती फुटपाथवर थांबली. येणारेजाणारे तिला वळसा घालून जात होते. "बोला," ती म्हणाली.