तळघराच्या सोळा पायऱ्या

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत ऊर्मिलाच्या नखांच्या कडा कायमच्या काळ्या झाल्या होत्या. साबण झाला, लिंबू झालं, भांडी घासायची जाळी झाली, तरी कोळसा निघत नव्हता. ऑफिसच्या मीटिंगमध्ये ती हात टेबलाखाली ठेवून बसायची.

घर त्यांनी त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात घेतलं होतं, जर्मनीतल्या र्युसेल्सहाइमपासून पंचवीस मिनिटांवरच्या एका खेड्यात. जुनं, दगडी पायाचं, मागे सफरचंदाची दोन झाडं. विकणाऱ्या म्हातारीने तळघरातला, घर तापवणारा कोळशाचा बॉयलर मोठ्या अभिमानाने दाखवला होता. चाळीस वर्षांत एकदाही बिघडला नाही म्हणाली. ऊर्मिलाचा नवरा सत्यजित परत येताना गाडीत हसत होता. "हिवाळ्याच्या आत हीट पंप बसवून टाकू. त्या धुडाला हातसुद्धा लावायचा नाही."

विजेवर घर तापवणाऱ्या हीट पंपची ऑर्डर गेली, कागद गेले, मंजुरीही आली. बसवणाऱ्याचा टर्मिन, म्हणजे यायची तारीख, मात्र सप्टेंबरचा नोव्हेंबर झाला आणि नोव्हेंबरचा एप्रिल. मधेच सत्यजितला कंपनीने म्यूनिकजवळच्या उंटरश्लाइसहाइमच्या प्रोजेक्टवर टाकलं. तो सोमवारी पहाटे जायचा आणि गुरुवारी संध्याकाळी यायचा. बॉयलर ऊर्मिलाच्या गळ्यात पडला.

रोज साडेपाचला उठून ती अंगावर जुनं जॅकेट चढवायची आणि सोळा पायऱ्या उतरून तळघरात जायची. आधी जाळी हलवून राख खाली पाडायची. राखेचा ट्रे धूळ न उडवता बादलीत रिकामा करायचा. मग कागद, बारीक लाकडं, त्यावर जाड लाकडं, आणि ती नीट पेटली की कोळशाच्या विटा. ब्रिकेट म्हणायचे त्यांना, दिसायला गुळगुळीत, एकसारख्या. आग धरेपर्यंत तिथून हलता यायचं नाही. मग आंघोळ, मुलीचा, मुक्ताचा डबा, गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडणं आणि दिवसभर ऑफिसात ब्रेकच्या टेस्टिंगचे आकडे. संध्याकाळी घरी यावं तर आग विझलेली, घर पंधरा डिग्रीवर. पुन्हा खाली.

असं नव्हतं की दिवसा घरात कोणी नसायचं. सासरे घरीच असायचे.

दीनानाथ म्हणजे अण्णा शहात्तर वर्षांचे होते. जुलैत सासूबाई गेल्या आणि ऑक्टोबरमध्ये सत्यजित त्यांना इकडे घेऊन आला, निदान हिवाळाभर तरी ते एकटे राहू नयेत म्हणून. इचलकरंजीच्या एका प्रोसेस हाउसमध्ये, जिथे कापड रंगवतात तिथे, ते चौतीस वर्षं बॉयलर अटेंडंट होते. त्यामुळे सत्यजितला वाटलं, प्रश्न आपोआप सुटला. "अण्णा आहेत ना," तो फोनवर म्हणायचा. "बॉयलरमध्ये त्यांच्यापुढे कोण उभा राहील?"

अण्णा उभेच राहिले नाहीत. पहिल्या आठवड्यात त्यांनी बॉयलर कोणत्या कंपनीचा, पाणी किती घेतो, असं दोन-चारदा विचारलं. मग तो विषयच बंद. ते कानटोपी घालून, शाल गुंडाळून स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसायचे. ऊर्मिला राखेची बादली घेऊन त्यांच्यासमोरून जायची, तेव्हा ते बाहेर बघायचे.

महिनाभर तिने वाट पाहिली. मग एका संध्याकाळी तिने विषय काढला. "अण्णा, दुपारी एकदा कोणी चार ब्रिकेट टाकली ना, तर आग टिकते. मला आल्यावर पुन्हा पेटवायला लागणार नाही."

"नको गं. ते माझ्याच्याने नाही व्हायचं."

"चौतीस वर्षं केलंत ना पण?"

"केलं म्हणूनच नको."

 ऊर्मिलाने कणीक मळायला घेतली आणि ती इतकी जोरात मळली की परात ओट्यावर सरकत गेली. सत्यजितचा फोन आला तेव्हा तिने त्याला सांगितलं. तो म्हणाला, "राहू दे ना, आईला जाऊन अजून सहा महिने झाले नाहीत."

"मान्य आहे. पण मी पण या घरात आहे ना, सत्यजित?"

गुरुवारी आल्यावर बोलू म्हणून त्याने फोन ठेवला. तिलाही भांडायचं नव्हतं. भांडायला लागतं तेवढं त्राणच तिच्यात उरलं नव्हतं.

जानेवारीच्या मध्यावर एका मंगळवारी तिला ताप भरला. गजर झाला, ती उठून बसली आणि खोली फिरायला लागली. भिंत धरून ती दारापर्यंत गेली आणि तिथेच खाली बसली. ताप साडेएकोणचाळीस, म्हणजे एकशेतीन. बाहेर उणे नऊ. रस्त्यांवर काचेसारखा बर्फ होता आणि मुक्ताच्या शाळेने सुट्टी जाहीर केली होती. चौदा वर्षांच्या मुक्ताने आईला पुन्हा पलंगावर झोपवलं आणि घरातला एकुलता एक इलेक्ट्रिक हीटर तिच्या खोलीत आणून लावला. आठ वाजता स्वयंपाकघरात नळाचं पाणी हाताला चावत होतं. अण्णा दोन स्वेटरांवर शाल घेऊन बसले होते आणि त्यांचे ओठ निळसर दिसत होते.

"ममा, इश माख दास," मुक्ता म्हणाली. मी करते. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर बहुतेक जर्मनमधूनच यायचं.

"तुला नाही जमायचं. राहू दे. थोड्या वेळाने मी उठते," ऊर्मिला म्हणाली आणि उठायच्या आधीच तिचा डोळा लागला.

तिला जाग आली ती अण्णांच्या आवाजाने. तो तिच्या ओळखीचा आवाजच नव्हता. घरात ते इतकं हळू बोलायचे की दोनदा विचारावं लागायचं. हा आवाज मशीनच्या घरघरीवरून पलीकडे पोचवायची सवय असलेल्या माणसाचा होता.

"राख पूर्ण काढ! खालून वारा गेला पाहिजे. जाळी दिसते का?"

"जा!" तळघरातून मुक्ता ओरडली.

"कुठे जा?"

"आजोबा, जा म्हणजे हो!"

ऊर्मिला रजई गुंडाळून, भिंतीला धरत बोळात आली. तळघराच्या जिन्याचं दार सताड उघडं होतं. अण्णांनी स्वयंपाकघरातली खुर्ची ओढत आणून वरच्या पायरीशी ठेवली होती. दोन्ही हात गुडघ्यांवर, मान पुढे काढून ते खाली बघत होते. ऊर्मिला त्यांच्या मागे भिंतीला टेकून जमिनीवर बसली. तिच्याकडे त्यांचं लक्षही गेलं नाही.

"आता लाकडं. उभी नको, आडवी. बोट जाईल एवढी फट ठेव. पेटव."

काडी ओढल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने लाकडं तडतडायला लागली. अण्णा कान देऊन ऐकत होते.

"घाई नको. अजून नाही. अजून नाही. हां, आता कोळसा टाक. चारच. मागच्या बाजूला ढकल."

बॉयलरचं दार बंद झालं. मग काही क्षण काहीच ऐकू आलं नाही. अण्णांनी नाक वर केलं आणि ते एकदम ताठ झाले.

"मुक्ता! धुराड्याच्या नळीवरची झडप लावलीस का तू?"

"उष्णता बाहेर जाते म्हणून..." तिने जर्मनमधून सुरुवात केली आणि तिला खोकला आला.

"उघड! पूर्ण उघड! ते तोंड बंद केलं की गॅस घरात येतो. उघडलीस? आता खिडकी उघड आणि वर ये. आधी वर ये!"

ते खुर्चीतून उठले होते. एक पाय त्यांनी पहिल्या पायरीवर ठेवला, दुसरा दुसरीवर, आणि कठडा घट्ट धरून ते तिथेच थांबले. मुक्ता धावत वर आली. चेहरा काळा, डोळ्यांतून पाणी. अण्णांनी तिचा दंड धरून तिला स्वयंपाकघरात नेलं, अंगणाचं दार उघडलं आणि थंडीत उभं केलं. "श्वास घे. मोठा. डोकं दुखतंय? मळमळतंय?"

"नाइन, आजोबा. आल्लेस गूट," मुक्ता म्हणाली. नाही, सगळं ठीक आहे.

दहा मिनिटं त्यांनी तिला आत येऊ दिलं नाही. नंतर झडपेचं काम त्यांनी तिला दोनदा तोंडी म्हणायला लावलं आणि मगच पुन्हा खाली पाठवलं. या खेपेला आग नीट धरली. अकराच्या सुमाराला बोळातला रेडिएटर गरम होऊन टकटक करायला लागला आणि ऊर्मिलाने त्याला पाठ टेकली.

मुक्ता हात धुऊन आली आणि आजोबांच्या पायाशी बसली. तिने जर्मनमधून काहीतरी विचारलं. अण्णांनी ऊर्मिलाकडे बघितलं.

"ती विचारतेय, तुम्ही खाली का नाही आलात," ऊर्मिला म्हणाली.

अण्णांनी कानटोपीची कड दुमडली.

"गेलो होतो एकदा," ते म्हणाले. "ऑक्टोबरमध्ये. तुम्ही सगळे बाहेर होतात. म्हटलं, मशीन बघावं. बघितलं, चांगलं आहे. वर यायला निघालो तर चौथ्या पायरीवर दम संपला. डोळ्यांपुढे अंधारी. परत उतरलो आणि कोळशाच्या पोत्यावर बसलो. एक वाजता गेलो होतो, साडेतीन झाले वर यायला. शेवटी रांगत आलो. पायजमा धुतला, फरशी पुसली."

"अण्णा, मला सांगायचं ना."

"काय सांगायचं? जिना चढवत नाही म्हणून? सत्यजितने तुला सांगितलं असणार, अण्णा बॉयलरवाले, अण्णा बघतील. तू रोज ती बादली घेऊन जायचीस. मला दिसायचं. दिसत नव्हतं असं समजू नकोस."

ऊर्मिलाला काहीतरी बरं बोलायचं होतं. दोन महिने मनात धरलेला राग असा एकदम कुठे ठेवावा, हेच तिला कळेना. ती फक्त म्हणाली, "चहा घेणार का?" आणि मग तिच्या लक्षात आलं की आपल्याला उठताच येत नाहीये. चहा मुक्ताने केला. साखर जास्त झाली होती.

"सत्याला सांगू नकोस," अण्णा म्हणाले.

तिने त्याच संध्याकाळी सांगितलं. सत्यजित दुसऱ्या दिवशीच सुट्टी काढून आला. पुढच्या आठवड्यात त्यांनी अण्णांना डॉक्टरकडे नेलं. नळीत फुंकायला लावलं, छातीचे फोटो काढले. दोन्ही फुफ्फुसं झिजली होती, वर्षानुवर्षांच्या धुराने आणि धुळीने. डॉक्टरांनी इनहेलर दिला आणि घर कशावर तापवता असं विचारलं. सत्यजितने कोळसा म्हटल्यावर डॉक्टरबाई लिहिता लिहिता थांबल्या.

अण्णांनीच मग निर्णय घेतला. देवश्री, त्यांची मुलगी, सांगलीला होती. तिच्याकडे जातो म्हणाले, फेब्रुवारीच्या शेवटी, ऊन तापायला लागायच्या आत. कोणी फारसा आग्रह केला नाही, आणि त्याची लाज सत्यजितला आणि ऊर्मिलाला दोघांनाही वाटली. जायच्या दिवसापर्यंत रोज दुपारी मुक्ता शाळेतून आली की ते खुर्ची घेऊन जिन्याच्या दाराशी बसायचे. डॉक्टरांनी नको म्हटलं होतं. नाकाला ओला रुमाल बांधून बसायचे. मुक्ता कोळसा टाकायची आणि खालून जर्मनमधून शाळेतलं काहीबाही सांगत राहायची. त्यातलं त्यांना काहीच कळत नसणार, पण ते हुंकार द्यायचे.

त्यांना फ्रँकफर्टला विमानात बसवून ऊर्मिला एकटीच परत आली. सत्यजित तिथूनच म्यूनिकची ट्रेन पकडून गेला होता. घरात शिरली तेव्हा रेडिएटर कोमट होते आणि तळघरातून फावड्याचा आवाज येत होता. स्वयंपाकघरात अण्णांची शाल खुर्चीवर राहून गेली होती. तिने ती घडी करून कपाटात ठेवली, बूट काढायला खुर्चीत बसली आणि एक बूट काढून झाल्यावर तिचा डोळा लागला. सव्वासातला मुक्ताने भात लावून तिला उठवलं तेव्हा दुसरा बूट अजून पायातच होता.