चोरी तोंडाची, मार हाताला

साक्री तालुक्यातल्या त्या गावात मंजुळाबाईंच्या पुरणाच्या मांड्यांना तोड नव्हती. पुरण भरलेली पोळी हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत पसरवायची आणि चुलीवरच्या उपड्या खापरावर अलगद टाकायची, हे येरागबाळ्याचे काम नव्हे. पण गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक कोकिळा माहेरी आलेली असताना, सुजलेल्या बोटांतून मांडा निसटला तो थेट चुलीत. शेजारच्या पुष्पाबाईंना बोलवावे लागले. पुष्पाबाईंनी मांडे केले आठ आणि सांगितले ऐंशी घरांत. तेव्हापासून मंजुळाबाईंना एकच ध्यास होता, पुढच्या आखाजीला लेकीला आपल्या हातचाच मांडा वाढायचा.

सून मयुरी जळगावची. तिने सासूला तिथल्या संधिवाताच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले. बाईंनी हात पाहिले, रक्ताचे रिपोर्ट पाहिले, गोळ्या लिहिल्या आणि म्हणाल्या, "मावशी, आता तोंड उघडा."

जे तोंड मिटवणे नवऱ्याला, अभिमन नानांना, तीस वर्षांत जमले नव्हते, ते आता उघडेना.

"मना हात दुखतस बाई. तोंड कसाले देखतस?"

खरी गोष्ट अशी, की त्यांच्या हिरड्यांतून रक्त यायचे आणि त्यावर त्यांच्याकडे पिढीजात इलाज होता. भाजलेल्या तंबाखूची काळी पूड, म्हणजे मिश्री, चोळली की ठणका थांबतो, हे त्यांना आईने शिकवले आणि त्यांनी कोकिळाला. डॉक्टरांसमोर रक्त दिसायला नको म्हणून त्या दिवशी तर एसटीत बसण्याआधी दुप्पट चोळली होती.

"मिश्री लावता?"

"नही वं बाई, मी तं हातबी लावत नही," काळे दात दाखवत मंजुळाबाई ठासून म्हणाल्या. मयुरी खिडकीबाहेर बघू लागली.

डॉक्टरीणबाई हसल्या. "हिरड्यांतले जंतू शरीराला असं काही चिथावतात, की ते स्वतःच्याच सांध्यांवर उठतं, असा संशय आहे. अजून पक्कं ठरलेलं नाही. पण हिरड्या तर बिघडल्याच आहेत ना? गोळ्या चुकवू नका, दातांच्या डॉक्टरांकडे जा आणि न लावलेली मिश्री बंद करा."

"म्हंजे चोरी तोंडनी आनि मार हातले!" मंजुळाबाई पुटपुटल्या.

मिश्री सुटली, पण पहिले आठ दिवस त्या घरात कुणाशी धड बोलल्या नाहीत. नानांचे ते दिवस फार सुखात गेले. धुळ्याला चार खेपा घालून हिरड्या साफ झाल्या, गोळ्या चालूच राहिल्या आणि हळूहळू सकाळी मूठ वळू लागली. गुण गोळ्यांचा की तोंडाचा, हे डॉक्टरीणबाईंनीही छातीठोकपणे सांगितले नाही.

आखाजीला कोकिळा आली. मंजुळाबाईंच्या हातांवर मांडा पसरला, झुलला आणि खापरावर नीट बसला. त्यांना इतका आनंद झाला, की पुरणाचे हात तसेच घेऊन त्या लेकीला हाक मारायला मागच्या दारी गेल्या.

कोकिळा मोरीपाशी उभी होती. एका हाताचे बोट तोंडात, दुसऱ्या हाताने मिश्रीच्या डबीचे झाकण लावायची धडपड चाललेली. झाकण काही बसेना.

"काय व्हयनं वं?"

"काही नही माय. सकायमा बोटं आखडतस. व्हई बरं."

खापरावर मांडा करपायला लागला होता, पण मंजुळाबाईंना त्याचे भान नव्हते. त्यांनी लेकीच्या सुजलेल्या बोटांमधून डबी काढून घेतली.

"मनं चुकनं, बेटा," त्या म्हणाल्या. "तुले हाई मीच शिकाडं."