गॅलरीतला मेहुणा

राष्ट्राध्यक्षांचं हे संसदेतलं शेवटचं भाषण, आणि सभागृह कसं, तर जेवणाच्या सुट्टीनंतरच्या वर्गासारखं. कुणी डोळे मिटून, कुणी मोबाइलमध्ये तोंड खुपसून.

पूर्वी असं नव्हतं. इथली रीतच होती, की अध्यक्षांनी भाषण मध्येच थांबवून पाण्याचा घोट घ्यायचा आणि तेवढ्यात विरोधकांनी हवा तो प्रश्न विचारायचा. विरोधी पक्षनेता कोण, तर अध्यक्षांचा मेहुणा, बायकोचा सख्खा भाऊ. तो असा हात धुऊन मागे लागायचा की अध्यक्षांना घाम फुटायचा. संध्याकाळी तोच घरी हजर, आणि त्याची ताई दोघांनाही सारखंच झापायची. काय दिवस होते ते! आता ताई राहिली नव्हती, मेहुणा निवडणूक हरून घरी बसला होता, आणि नव्या मंडळींनी प्रश्न आधी लेखी द्यायचा ठराव केला होता. यंदा एकही आला नव्हता.

तरी अध्यक्ष थांबलेच. घोट घेतला. जाता जाता एक तरी प्रश्न यावा, नाहीतर इतकी वर्षं आपण भिंतींशीच बोललो, असं त्यांना वाटत होतं. बाकं ढिम्म.

"डोंगरापलीकडे दवाखाना बांधणार होतात, त्याचं काय झालं?"

आवाज वरून, प्रेक्षकांच्या गॅलरीतून आला. काठीवर रेलून मेहुणा उभा होता.

गॅलरीतल्या माणसाने तोंड उघडलं की त्याची रवानगी बाहेर. सभापतींनी हातोडा आपटला. "प्रश्न नोंदवू नका. यांना बाहेर न्या."

"प्रश्न नका नोंदवू," अध्यक्ष म्हणाले, "पण मी आता बोलतोय ते भाषणातच धरा."

याच प्रश्नाला त्यांनी आजवर किती गोलगोल उत्तरं दिली होती. कधी समिती, कधी जमीन, कधी पाऊस. मेहुणा त्या प्रत्येकाचा भुगा करायचा.

"दवाखाना झाला नाही. निधी मीच दुसरीकडे वळवला. चूक माझी."

मोबाइलमधल्या माना वर झाल्या. दंड धरलेल्या रक्षकासकट मेहुणा दारात थबकला. उलट बोलायला त्याने तोंड उघडलं.

"दाजी," तो शेवटी हळूच म्हणाला, "आता आपण भांडायचं कशावरून?"

अध्यक्षांनी पाण्याचा आणखी एक घोट घेतला.